दिंद्रुडच्या विहिरीवरची तपासणी

माझी नोकरी काय होती हे सांगायला लागलो की ऐकणाऱ्याचा चहा निवून जातो, तरी त्याला काही उमगत नाही. शेवटी "म्हणजे मास्तर होतात म्हणा ना," असं म्हणून तो विषय संपवतो. मास्तर मी होतो, पण पोरांचा नव्हे, मास्तरांचा. आणि त्यांना शिकवायचो काय, तर पोरांना वर्गाबाहेर कसं न्यायचं हे. इथवर आलं की समोरचा हमखास म्हणतो, "त्यात काय शिकवायचं? घंटा वाजली की पोरं आपोआप बाहेर जातात!" या विनोदाला मी उभी हयात हसत आलो आहे. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर एकदा सगळं नीट सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायला नको.

काळ निजामाच्या अमलातला. आंबेजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, शाळेला मदरसा, मास्तराला मुदर्रिस आणि शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना मोहतमीम साहेब. वरून एकदा हुकूम सुटला की खेड्यांतल्या शाळांनी निसर्गपाठ सुरू करावेत. झाडं, पाखरं, माती, पाणी हे पोरांनी स्वतः पाहावं, प्रश्न विचारावेत आणि उत्तरं शोधावीत. हुकूम उर्दूत होता आणि अक्षर इतकं देखणं होतं की वाचण्यापेक्षा भिंतीवर लावावा. तो अमलात कसा आणायचा हे मात्र त्यात नव्हतं. त्या कामावर बीड जिल्ह्यात माझी नेमणूक झाली. एक तर मी हैदराबादेत त्याचं थोडं शिक्षण घेतलं होतं, आणि दुसरं म्हणजे माझ्याकडे स्वतःचं तट्टू होतं. दुसरंच कारण वजनदार असावं असा मला दाट संशय आहे.

कामाची रीत साधी होती. एखाद्या मोठ्या गावात आसपासचे मास्तर बोलवायचे, देवळात नाहीतर धर्मशाळेत पथाऱ्या टाकायच्या आणि उजाडलं की शिवारात निघायचं. मास्तरांनी पोरं व्हायचं, मी मास्तर व्हायचं. मग त्यांनी आपापल्या गावी जाऊन खऱ्या पोरांना बाहेर न्यायचं आणि मी तट्टावर बसून ते पाहत गावोगाव फिरायचं. ऐकायला गंमत वाटते. पण त्या काळचा मास्तर म्हणजे चार भिंती, एक छडी आणि एक खुर्ची. यातली एकही वस्तू त्याच्यापासून सुटी करणं सोपं नव्हतं.

चकलांब्याच्या मास्तरांची गोष्ट घ्या. मी त्यांना सांगितलं, उद्या नदीचा पाठ नदीवर घ्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोन दांडगी पोरं डोक्यावर फळा घेऊन पुढे, एक खुर्ची घेऊन मागे, आणि अशी ती वरात नदीकाठी पोचली. मास्तरांनी फळा बाभळीला टेकवला, खुर्ची मांडली, पोरांना नदीकडे पाठ करून बसवलं आणि फळ्यावर नदी काढली! चांगली निळ्या खडूने काढली. मग छडी लावून म्हणतात, "ही नदी. हा तिचा काठ." पाठीमागे खरी नदी खळखळत होती आणि एखादं पोर मान वळवून तिच्याकडे बघायला लागलं की त्याला छडी बसत होती, लक्ष नाही म्हणून. मी हसू आवरून विचारलं, तर मास्तर मलाच समजावतात, "गुरुजी, खरी नदी लई लांबडी हाय. फळ्यावर कशी समदी एका जागी दिसती."

धर्मापुरीला वेगळाच प्रकार झाला. तिथल्या जुन्या देवळाच्या ओवरीत धूळ साचते, आणि त्या धुळीत नरसाळ्यासारखे इवले इवले खड्डे असतात. तळाशी एक किडा दबा धरून बसतो आणि घसरलेली मुंगी पकडतो. हे पाहायचं तर पालथं पडावं लागतं. त्या तुकडीत एक वयस्कर सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, होते. करारी माणूस, डोक्याचा रुमाल कधी हलायचा नाही. दोन दिवस ते नुसते उभे राहून "दिसलं, दिसलं" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी देवळात कोणी नाही असं पाहून ते एकटेच पालथे पडले आणि रंगून गेले. इतक्यात दर्शनाला आलेल्या बायांनी मास्तर निपचित पडलेले पाहिले आणि हाकाटी केली. कोणी धावत जाऊन कांदा आणला, फोडला आणि त्यांच्या नाकाला लावला. म्हातारबा उठून बसले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि चिडून म्हणाले, "आरं, मुंगी आत्ता पडणार व्हती की!" त्या दिवसापासून तो माणूस माझा झाला. पुढे त्यांच्या शाळेइतके निसर्गपाठ जिल्ह्यात कुठे झाले नाहीत.

फळा, खुर्ची, छडी सोडवता येते हो. सगळ्यात अवघड होतं ते निराळंच. पोरांना बाहेर नेलं की ती असं काही विचारतात की ज्याचं उत्तर पुस्तकात नसतं. वर्गात मास्तर विचारतो आणि पोर अडकतं. बाहेर पोर विचारतं आणि मास्तर अडकतो. तेव्हा मास्तराने सरळ म्हणायचं, "मला माहीत नाही. चला, बघू." एवढी दोन वाक्यं शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. म्हणजे शिकवायचो, मास्तर माझ्यासमोर म्हणूनही दाखवायचे, पण गावात गेल्यावर जीभ वळायची नाही. आणि त्यात त्यांचा दोष तरी काय म्हणू? गावात वाचता येणारा तो एकटा. शेताला खत कोणतं घालावं, नातवाचं नाव काय ठेवावं, हैदराबाद कोणत्या दिशेला, सगळं त्यालाच विचारणार. ज्याला सगळं ठाऊक तो मास्तर, हीच गावाची समजूत होती आणि मास्तराचीही.

दिंद्रुडचे भानुदास मास्तर या बाबतीत सर्वांचे राजे होते. गोरे, शिडशिडीत, बोलायला गोड. त्यांना काहीही विचारा, प्रश्न संपायच्या आत उत्तर हजर. धूमकेतू का निघतो? उत्तर तयार. उंटाला कुबड का? तयार. उत्तर बरोबर असेल असं नव्हे, पण असं ठामपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी. रंगनाथ पाटलांना, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालीपाटलांना, आपल्या या मास्तराचा फार अभिमान. परगावचा पाहुणा आला की पाटील त्याला शाळेत घेऊन जात आणि म्हणत, "इचारा, काय बी इचारा."

एवढं असून भानुदास मास्तरांची नोकरी कायम नव्हती. हंगामी म्हणून आले ते हंगामीच राहिले होते. त्या वर्षी श्रावणात मोहतमीम साहेब स्वतः दिंद्रुडला येणार, मास्तरांचा निसर्गपाठ पाहणार आणि मग त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार, असं कळलं. घरी म्हणजे भावाच्या अडतीवर, गोण्या शिवायला. भानुदास मास्तर मला म्हणाले, "गुरुजी, मला शाळेशिवाय करमत न्हाई हो. पोरं नसली की मी आजारी पडतो." हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं नाही, हळूच सांगितलं, म्हणून मला ते अगदी खरं वाटलं. त्यांच्यासाठी मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

पाठ कोणता, तर सुगरण पक्ष्याचा. शाळेच्या वाटेवर एक बाभूळ होती आणि तिच्या रस्त्याकडच्या फांदीला सुगरणीची घरटी लोंबत होती. छान जागा. मी म्हटलं, पोरांना नुसतं न्या, बघू द्या, बोलू द्या. मास्तर म्हणाले, "काळजीच नको."

आता काय झालं ते ऐका. मास्तरांनी खरंच काळजीला जागा ठेवली नव्हती. साहेब येणार म्हणून त्यांनी पोरांकडून पाठाची रोज तालीम करून घेतली होती. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी नवल करायचं, कुणी कोणता प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी मिळून कोणतं उत्तर द्यायचं, सगळं पाठ. पोरांचं कुतूहलसुद्धा त्यांनी घोकून घेतलं होतं! आणि हे सगळं वर्गात बसून, कारण बाहेर पोरांचं लक्ष लागत नाही.

साहेब आले. गंभीर चेहरा, काळी शेरवानी, हातात छत्री. त्यांना मराठी चांगली समजायची, बोलताना मात्र उर्दूत बोलायचे. पाटील आणि निम्मं गाव मागे. आम्ही बाभळीपाशी आलो, आणि मी वर पाहिलं. फांदी नव्हतीच. धोंडिबा धनगराने आदल्या दिवशी शेळ्यांच्या पाल्यासाठी ती तोडून नेली होती. झाडाला ताजा पांढरा खुंट, आणि त्याच्यापुढे मोकळं आभाळ.

भानुदास मास्तर साहेबांकडे तोंड करून उभे, त्यांची झाडाकडे पाठ. त्यांनी खूण केली. पहिल्या पोराने ठरल्याप्रमाणे आभाळाकडे बोट केलं आणि तो ओरडला, "गुरुजी, गुरुजी, ते बघा काय लोंबतंय!" दुसरा म्हणाला, "अबब! केवढी घरटी ही!" मग सगळ्यांनी एका सुरात, "घरट्याचं तोंड खालच्या अंगाला हाय! म्हंजी साप शिरत न्हाई!" साहेबांनी छत्री बाजूला करून पुष्कळ वेळ त्या मोकळ्या आभाळाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "हमको तो नज़र नहीं आते, मास्तर."

मास्तर वळले. त्यांचा चेहरा मी आजही विसरलो नाही. हसूही येत होतं आणि आत कुठेतरी तुटतही होतं. मागून धोंडिबाच बोलला, "घरटी व्हय? ती माझ्या वाड्यात पडलीत. आता शेळ्या उपाशी ठिवू का काय?" मी संधी साधून म्हटलं, "चला, तिथेच पाठ घेऊ." सगळी मंडळी धोंडिबाच्या मेंढवाड्यात. शेळ्यांनी पाला खाल्ला होता, घरटी तशीच पडली होती. साहेबांनी एक उचललं, चांगलं लांब नळीचं. दुसरं उचललं, ते अर्धंच, टोपीसारखं. तिसरंही अर्धंच. त्यांत अंडं, पिल्लू काही नाही, नुसती अर्धी टाकलेली घरटी. साहेबांना खरोखरच नवल वाटलं. त्यांनी विचारलं, "मास्तर, ये आधे क्यों छोड़ दिए?"

पाटील हसत पुढे सरकले. आपला मास्तर आता साहेबाला गार करणार अशी त्यांची खात्री. भानुदास मास्तरांनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर आलेलं मला दिसत होतं. पण थोड्या वेळापूर्वीचं ते मोकळं आभाळ त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जनाब, मला माहीत नाही." आणि लगेच, "बघून सांगतो."

माझा ऊर भरून आला. त्या दोन वाक्यांसाठी मी किती गावं तुडवली होती! पण गावाला काय त्याचं? पाटलांचा चेहरा साफ उतरला. "काय? म्हाईत न्हाई?" ते चारचौघांत गरजले, "मास्तरलाच म्हाईत न्हाई म्हनल्यावर लेकरं कावून धाडायची साळंला? शेळ्या राखत्याल की." तिथल्या तिथे त्यांनी आपल्या नातवंडांना हाताला धरलं आणि घरी नेलं. साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मला मास्तर नापसंत नाही, पण गावाचा भरवसा उडालेला मास्तर मी गावाच्या गळ्यात बांधणार नाही. महिन्याभराने माजलगावहून परत येताना पाटलांना विचारीन. त्यांनी 'ठेवा' म्हटलं तर कायम, नाहीतर घरी. झालं, मास्तरांचा निकाल पाटलांच्या जिभेवर जाऊन बसला.

मधल्या काळात मी दिंद्रुडला एकदाच डोकावलो. मास्तरांनी शब्द पाळला होता. सुगरणींची दुसरी वसाहत पाटलांच्या विहिरीवर, पाण्यावर झुकलेल्या बाभळीला होती. तिथे धोंडिबाची कुऱ्हाड पोचत नव्हती. पोरं रोज तिथे जाऊन बसत. "पाटील काय म्हणतात?" मी विचारलं. मास्तर पडेल आवाजात म्हणाले, "बोलत न्हाईत. इहिरीवर येऊन बसत्यात रोज घोंगडी टाकून, पोरं बाजरीत शिरत्याल म्हनून राखणीला. डोळं वटारून बघत्यात आमच्याकडं." मी त्यांना धीर दिला, पण मला स्वतःला काही धीर वाटत नव्हता. तट्टावर बसून निघालो तेव्हा त्या अडतीवरच्या गोण्या माझ्याच डोळ्यांपुढे येत होत्या.

महिना भरला. साहेब आले, मीही बरोबर होतो. चावडीत पाटील नाहीत, घरी नाहीत. "इहिरीवर हायेत," घरातून निरोप मिळाला. आम्ही बाजरीच्या कडेने गेलो. विहिरीपाशी पोरं चिडीचूप बसलेली, कडेला भानुदास मास्तर हात जोडून उभे. आणि पोरांच्या मधोमध घोंगडीवर पाटील, मान वर, तोंड उघडं. त्यांच्या मांडीला खेटून नातवंडं.

साहेबांनी "क्यों पाटील," म्हणून सुरुवात केली मात्र, पाटलांनी मागे न बघता हात हलवला. "जरा हळू बोला, सायेब. मादी आलीय."

सरकारी साहेबाला कोणा पाटलाने गप केल्याचं त्या मुलखात ऐकिवात नव्हतं. पण साहेबांनी छत्री मिटली आणि शेरवानी सावरून घोंगडीच्या कडेला चक्क उकिडवे बसले. पाटील कुजबुजत त्यांना समजावू लागले, "ते पिवळ्या टोपीचं दिसतंय का? त्यो नर. इतकी वर्सं मला वाटायचं बांधती ती बाई. तसं न्हाई, सायेब. बांधतो गडी. अर्धं झालं की ही मातकट येती, आत शिरती, वढून बघती. पसंत पडलं तर ऱ्हाती अन् मंग त्यो नळी फुडं इणतो. न्हाई पडलं तर गेली उडून. अन् त्यो गरीब अर्धं टाकून दुसरं बांधाया घेतो. म्हनून अर्धी ऱ्हात्यात ती."

वर पिवळ्या टोपीचा गडी अर्ध्या घरट्याला उलटा लोंबकळून पंख फडफडवत होता. मातकट मादी आत गेली. विहिरीवर कुणी श्वास घेईना. साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "और मास्तर का क्या करना है, पाटील?"

"थांबा वो," पाटील म्हणाले, "आधी ह्याचा निकाल लागू द्या."

मादी बाहेर आली, क्षणभर घरट्याच्या काठावर बसली आणि भुर्रकन बाजरीवरून निघून गेली. सगळी विहीर एकदम हळहळली. साहेबांच्या तोंडूनही "अरे रे" निघालं. पाटील तर घरची सोयरीक मोडल्यासारखे बसले. "ह्याबी बारीला न्हाई पसंत केलं," ते म्हणाले, "काय वंगाळ हाय त्यात? चांगलं घट इणलंय की! सायेब, तुमी लई शिकल्यालं. कावून नापसंत केलं असंल हिनं?"

साहेबांनी त्या घरट्याकडे पाहिलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "मालूम नहीं, पाटील."

पाटील सावकाश भानुदास मास्तरांकडे वळले.

"मास्तर," पाटील म्हणाले, "सायबाला बी म्हाईत न्हाई. मंग त्या दिशी तुमचंच कावून मी मनाला लावून घेतलं? ऱ्हावा तुमी हितंच." आणि पुन्हा वर बघत, आवाज खाली आणून, "आता गप बसा समदे. दुसरी येतीय."